अंतिम वर्षाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षासाठी काय शिकवावे?

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातील एका विद्यापीठसंलग्न खासगी महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. येत्या सत्रापासून अंतिम वर्षाच्या मुलांसाठी आठवड्याचे दोन तास विभागाने माझ्याकडे सोपवले आहेत. या तासांना अजून अभ्यासक्रम नाही. वेळापत्रकात 'व्यावसायिक जीवनाची तयारी' एवढेच शीर्षक आहे. ते तास कशाने भरावेत, हे येथील अनुभवी मंडळींना विचारण्यासाठी हा धागा काढला आहे.

आमच्याकडे प्लेसमेंट विभाग आहे आणि तो मनापासून काम करतो. अॅप्टिट्यूडच्या परीक्षा, गटचर्चा, सराव मुलाखती हे सारे होते आणि त्याचा मुलांना उपयोगही होतो. पण ती सगळी तयारी नेमणुकीचे पत्र हातात पडते त्या दिवशी संपते आणि मुलाचे खरे काम तर त्यानंतर सुरू होते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि आमच्यासारख्या तालुक्यांतील मुलांना घराजवळ पदवी मिळू लागली. त्यांच्यातील अनेकांच्या घरात आधी कोणीही अभियंता झालेला नसतो, त्यामुळे साइटवर किंवा कारखान्यात कसे वागावे, काय विचारावे, कशावर सही करू नये, हे त्यांना घरून समजण्याची शक्यता नसते.

जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला. त्या सुमारास राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने अभियांत्रिकी पदवीधराकडून अपेक्षित असलेल्या बारा गुणांची यादी मूल्यांकन करून घेणाऱ्या महाविद्यालयांना लागू केली होती. त्या यादीत व्यावसायिक नीती, संघातील काम, संवाद, प्रकल्पाचे अर्थकारण आणि आयुष्यभर शिकत राहण्याची क्षमता यांना गणिताच्या आणि डिझाइनच्या बरोबरीचे स्थान आहे. प्रत्यक्षात हे गुण आम्ही तक्त्यांमध्ये आकड्यांनी भरतो, मात्र ते शिकवण्यासाठी वेगळी जागा क्वचितच काढतो. आता ती जागा मिळाली आहे आणि ती व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषणांत घालवायची माझी इच्छा नाही.

माझा सध्याचा विचार असा आहे की अभियंत्याच्या हातून जाणारे कागद शिकवावेत: नकाशा, मोजमाप पुस्तक, चाचणीचा अहवाल, कामाचा आदेश. त्यावर कोण सही करतो, त्या सहीने कोणती जबाबदारी येते, आणि सही करण्यापूर्वी काय तपासायचे. आपल्या क्षेत्रात नव्या अभियंत्याला पहिल्या सहा महिन्यांत नेमके काय यायला हवे, हे कृपया लिहावे.

ओतकाम

कृष्णाकाठ सर, मी कोल्हापुरात शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभाग पाहतो. दरवर्षी आमच्याकडे यंत्र अभियांत्रिकीचे काही पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून येतात, म्हणून माझ्या बाजूचे लिहितो.

या मुलांना सूत्रे येतात. मात्र हातातले कास्टिंग आणि टेबलावरचा नकाशा यांची सांगड घालता येत नाही. नकाशावर डेटम, म्हणजे मापे जिथून घ्यायची तो संदर्भ, कुठे आहे, कोणते माप यंत्रावर कापून घेतल्यानंतरचे आहे आणि कोणते कच्च्या ओतकामाचे, मापापुढे लिहिलेली सूट (टॉलरन्स) ग्राहकाला कशासाठी हवी आहे, या प्रश्नांवर ती अडखळतात. याहून मोठी अडचण अशी की मोजलेल्या आकड्यावर त्यांचा अपार विश्वास असतो.

यासाठी मी एक प्रयोग सुचवतो, जो स्थापत्यच्या मुलांनाही करता येईल. एकाच प्रकारचे दहा नग घ्यावेत, त्यांना खुणेचे क्रमांक द्यावेत आणि तीन विद्यार्थ्यांनी प्रत्येक नग तीन वेळा व्हर्निअरने मोजावा. नगांचा क्रम प्रत्येक वेळी बदलावा आणि कोणालाही दुसऱ्याचे किंवा स्वतःचे आधीचे वाचन दिसू देऊ नये. शेवटी नव्वद वाचने फळ्यावर मांडली की एकाच नगाची वाचने वेगवेगळी आलेली सर्वांना दिसतात. व्हर्निअरचे लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर असूनही फरक त्याच्या कितीतरी पट असू शकतो. मग विचारावे की मापाला ०.१० मिलिमीटरची सूट असेल तर या मोजणीच्या जोरावर नग नाकारायचा की स्वीकारायचा. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत मोजमाप पद्धतीचा हा अभ्यास ग्राहक मागतोच, पण महाविद्यालयातून आलेल्या मुलाने तो प्रत्यक्ष केल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

दुसरी गोष्ट कामगारांविषयी. भट्टीवरच्या माणसाला धातूच्या रंगावरून आणि वाळू कालवणाऱ्याला मुठीतल्या वाळूवरून जे कळते, ते नव्या अभियंत्याला कळायला बराच काळ लागतो. वयाने आणि अनुभवाने मोठ्या ऑपरेटरला एकेरीत हाक मारणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात त्या ज्ञानाचे दार बंद करून घेतो. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूचे छिद्र, का आला, हे शोधताना पहिला प्रश्न त्या पाळीतल्या माणसांना आदराने विचारायचा असतो आणि त्यांचे उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे असते. हे शिकवता येते, कारण ती सवय आहे.

बांधबंदिस्ती

ओतकाम यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. साइटवर मुकादम, बारबेंडर आणि सेंट्रिंगवाले यांच्याशी बोलण्याच्या पद्धतीवर नव्या अभियंत्याचे पहिले वर्ष ठरते.

मी पुण्यात इमारतींच्या कामावर आहे. सरांनी कागदांचा मुद्दा मांडला आहे, तर त्यात काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या तपासणीचा कागद, म्हणजे आम्ही ज्याला पोअर कार्ड म्हणतो तो, सर्वांत आधी घ्यावा. त्या एका पानावर सेंट्रिंगची पातळी, टेकूंची मजबुती, सळयांचा व्यास आणि अंतर, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर राखणारे ठोकळे), वीज आणि नळाच्या नलिका, या साऱ्यांपुढे वेगवेगळ्या माणसांच्या सह्या असतात. स्लॅबच्या दिवशी मिक्सरची गाडी फाटकात उभी असते, पंप जोडलेला असतो आणि सर्वजण नव्या मुलाच्या सहीसाठी थांबलेले असतात. त्या घाईत सळया मोजल्याशिवाय सही न करणे, हे कौशल्य कोणत्याही परीक्षेत तपासले जात नाही.

मुलांना काही आकडे तोंडपाठ असले पाहिजेत, कारण साइटवर पुस्तक उघडायला सवड मिळत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेनुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये आणि क्युअरिंग नीट झाले असेल तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात. सहा मीटरहून मोठ्या तुळयांना एकवीस दिवस लागतात. ठेकेदाराला साहित्य पुढच्या मजल्यावर हवे असते, म्हणून तो आधी मागतो आणि त्याच्या व्यवसायाच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. अशा वेळी मुलाने भांडू नये आणि गप्पही बसू नये. आकडा सांगावा, वरिष्ठांना दूरध्वनी करावा आणि साइट ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे साइटवरच्या लेखी सूचनांच्या वहीत, तारीख-वेळ घालून नोंद करावी. या तीन कृतींचा वर्गात अभिनयासह सराव घ्यावा, ठेकेदाराची भूमिका प्राध्यापकांनी करावी आणि चांगला दबाव आणावा.

एक उदाहरण गृहपाठासाठी देतो. २८ घनमीटरचा स्लॅब आहे, तर घनांचे, म्हणजे चाचणीसाठी भरायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, किती नमुने घ्यावे लागतील? संहितेप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे तीन घन, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ घन. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर ते घन वेगळे. आता विचारा की हे नमुने कोणत्या गाडीतून, केव्हा घ्यायचे आणि घनावर काय लिहायचे. पहिल्या गाडीतून सगळे घन भरून मोकळे होणाऱ्याला नमुना घेण्यामागचा विचारच समजलेला नसतो.

निळी शाई

साइट ऑर्डर बुकच्या नोंदीचा सराव अवश्य घ्यावा. मुले मोबाइलवर संदेश पाठवतात आणि नोंद झाली असे समजतात.

मूलतत्त्व

मी निवृत्त प्राध्यापक आहे. येथील सर्वांच्या कळकळीचा आदर ठेवून एक वेगळे मत मांडतो.

महाविद्यालयाचे काम मूलभूत विषय पक्के करणे हे आहे. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदवीचे एकूण श्रेयांक १६० वर आणले. भार कमी झाला हे चांगले झाले. परंतु त्यामुळे पदार्थबल, द्रवयांत्रिकी, मृदायांत्रिकी यांना मिळणारा वेळ आधीच मोजका आहे. ज्या विद्यार्थ्याला साध्या तुळईची नमनघूर्णाची (बेंडिंग मोमेंटची) आकृती काढता येत नाही, त्याच्या हातात पोअर कार्ड देऊन काय साधणार? वरची सळई आधाराजवळ का असते हे न कळता तो फक्त चौकटींत खुणा करील. मला ती अवस्था अधिक धोकादायक वाटते, कारण मग तपासणी झाली असा सर्वांचा समज होतो.

दुसरा आक्षेप असा की उद्योगांनी प्रशिक्षणाची जबाबदारी झटकली आहे आणि आपण ती विनामूल्य उचलतो आहोत. पूर्वी मोठ्या कंपन्या पदवीधरांना वर्ष-दोन वर्षे विभागाविभागांतून फिरवत असत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. इतकी व्यवस्था असताना व्यवसायाचे शिक्षण व्यवसायाच्या ठिकाणी व्हावे, असे मला ठामपणे वाटते.

ओतकाम

मूलतत्त्व सर, मूलभूत विषयांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. मी सुचवलेला मोजणीचा प्रयोगही शेवटी संख्याशास्त्रच आहे. प्रमाण विचलन ज्याला कळले नाही त्याला त्या नव्वद वाचनांतून काहीच मिळणार नाही.

परंतु उद्योग म्हणजे केवळ मोठ्या कंपन्या नव्हेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी येथील बहुतांश कारखाने लहान आहेत आणि तेथे नवा अभियंता दुसऱ्या आठवड्यात एकटा पाळी सांभाळतो. वर्षभर फिरवण्याइतकी माणसे त्यांच्याकडे नसतात. शिकाऊ योजनेचा लाभ घ्यावा हे खरे आहे आणि आम्ही तो घेतो; तरीही आलेला मुलगा पहिल्या दिवशी काही पाहायला, विचारायला आणि लिहायला शिकून आलेला असेल तर त्याचे ते वर्ष अधिक फळते.

अर्धविराम

सरांच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण, स्थापत्यचे असले तरी, संगणक क्षेत्रात जातील, म्हणून त्या बाजूने लिहितो. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर चमूचा प्रमुख आहे.

महाविद्यालयात विद्यार्थी कोऱ्या पानावर नवा प्रोग्रॅम लिहितो. नोकरीत त्याला आठ-दहा वर्षे जुना, अनेकांनी लिहिलेला, अपुऱ्या टिपा असलेला कोड वाचावा लागतो आणि त्यातल्या चार ओळी बाकी काही न मोडता बदलाव्या लागतात. म्हणून वाचनाचा सराव द्यावा. कोणताही मुक्त स्रोत प्रकल्प घ्यावा, एक लहान दोष निवडावा आणि बदल करण्यापूर्वी तो दोष कोठून येतो याचे एक पानभर लेखी विवरण मागावे. गिटमधल्या बदलाच्या नोंदीला काय लिहिले आहे, हेही तपासावे. 'सुधारणा केली' या नोंदीचा सहा महिन्यांनी कोणालाही उपयोग नसतो.

प्रश्न कसा विचारावा, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मला काय साधायचे होते, मी काय केले, त्रुटीचा संदेश अक्षरशः काय आला, आतापर्यंत कोणत्या शक्यता तपासल्या. या चार गोष्टी लिहिता लिहिता निम्म्या मुलांना उत्तर स्वतःच सापडते, आणि उरलेल्यांना मदत करणे वरिष्ठांना सोपे जाते. 'सर, चालत नाही' असा निरोप आला की समोरच्याला सगळी चौकशी मुळापासून करावी लागते. तसेच, अडकल्यावर दोन दिवस संकोचाने गप्प बसणारी मुले मी पाहतो आणि मला त्यांची फार काळजी वाटते, कारण ती हुशार असतात. शाळेपासून प्रश्न विचारणे हा अडाणीपणा मानला गेल्याचा तो परिणाम आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आहेत आणि ती वापरू नका असे सांगण्यात अर्थ नाही. पण त्या साधनाने लिहिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे, अशी अट ठेवावी. कोड तपासणाऱ्याने 'हे असे का?' विचारल्यावर साधनाचे नाव सांगणे हे उत्तर होत नाही. कृष्णाकाठ सरांचा सहीचा मुद्दा येथेही तितकाच लागू आहे.

जाईजुई

मी एका मोठ्या पायाभूत प्रकल्पावर साइट अभियंता आहे. अद्याप कोणी न लिहिलेली एक बाजू मांडते.

वर्गातल्या बऱ्याच मुली साइटवर न जाता कार्यालयात डिझाइन किंवा अंदाजपत्रकाचे काम घेतात. काही जणींची ती आवड असते. अनेकींना मात्र तेथे स्वच्छतागृह आहे का, रात्रपाळीनंतर घरी जायला वाहन मिळेल का, हे विचारण्याचे धैर्य होत नाही म्हणून त्या तो मार्गच सोडतात. हे प्रश्न मुलाखतीत विचारणे पूर्णपणे योग्य आहे, हे प्राध्यापकांनी उघडपणे आणि मुलांच्या उपस्थितीत सांगावे.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही एका तासात शिकवावा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते आणि कारण पटल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. ही मुदत ठाऊक नसल्यामुळे एका सहकारी मैत्रिणीची तक्रार उशिरा गेली आणि तिला मोठा मनस्ताप झाला. हा तास फक्त मुलींसाठी ठेवू नये, कारण उद्या याच वर्गातली मुले चमूप्रमुख होणार आहेत.

हजेरीपट

जाईजुई ताईंनी कायद्याचा विषय काढलाच आहे, तर मनुष्यबळ विभागात काम करणारा म्हणून नेमणूकपत्राविषयी लिहितो. मुले वार्षिक पॅकेजचा आकडा ऐकतात आणि पहिल्या पगाराला निराश होतात. हे गणित वर्गात एकदा फळ्यावर करावे.

समजा, वार्षिक ३,६०,००० रुपयांचे पॅकेज आहे, म्हणजे दरमहा ३०,०००, आणि मूळ वेतन १५,००० आहे. त्या ३०,००० मध्येच कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, मूळ वेतनाच्या बारा टक्के म्हणजे १,८००, आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) सुमारे ७२० रुपयांची तरतूद धरलेली असते. उरले २७,४८०. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा १,८०० चा वाटा आणि महाराष्ट्रातला २०० रुपयांचा व्यवसाय कर, जो फेब्रुवारीत ३०० असतो, वजा केला की हातात २५,४८० येतात. यात कोणाचीही फसवणूक नाही, निर्वाह निधीचे पैसे मुलाचेच आहेत. पण पुण्यात खोलीचे भाडे ठरवताना कोणता आकडा धरायचा, हे आधी कळलेले बरे.

बाँडविषयीही, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराविषयीही, सांगावे. 'बाँडला कायद्यात काही किंमत नाही' हा मुलांमधला समज बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांच्या सेवेची किंवा दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड तितकाच वैध ठरेल असा याचा अर्थ नाही. रक्कम वाजवी आहे का आणि प्रशिक्षणावर किंवा भरतीवर खरोखर खर्च होतो का, हे पाहिले जाते. म्हणून सही करण्यापूर्वी पूर्ण पत्र वाचावे, न समजलेले वाक्य विचारावे आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत.

पहिला_पगार

मी गेल्या वर्षीच पदवीधर झालो आहे आणि सध्या चाकणला एका वाहनभागांच्या कारखान्यात आहे. वरील सर्व वाचून आनंद झाला. एक विनंती करतो.

आमच्या महाविद्यालयात मार्गदर्शनासाठी मोठ्या पदांवरचे पाहुणे येत असत. त्यांची भाषणे प्रेरक होती, परंतु त्यांचे पहिले वर्ष फार पूर्वीचे होते. आम्हाला एक-दोन वर्षे पुढे गेलेले विद्यार्थी भेटायला हवे होते. कँटीनमध्ये कोणासोबत बसायचे, रात्रपाळीत झोप कशी सांभाळायची, वरिष्ठ दोघे असतील आणि दोघांनी दोन कामे सांगितली तर काय करायचे, हे त्यांना ताजे आठवत असते. सरांनी अशांना बोलवावे आणि त्या वेळी प्राध्यापकांनी वर्गाबाहेर थांबावे, म्हणजे मुले मोकळेपणाने विचारतील.

इंग्रजीबद्दलही लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यापैकी अनेकांना वाटत असे की अस्खलित बोलता आले नाही तर निभाव लागणार नाही. कारखान्यात दिवसभर मराठी आणि हिंदीच चालते. इंग्रजी लागते ते लिहिण्यासाठी: पाळी संपताना द्यायचा अहवाल, पुरवठादाराला पत्र, ग्राहकाच्या तक्रारीचे उत्तर. सहा-सात ओळींचा, काय घडले, किती नग थांबवले आणि पुढे काय करणार हे सांगणारा अहवाल लिहिण्याचा सराव गटचर्चेपेक्षा मला अधिक उपयोगी पडला असता.

दूरदेशी

मी ओंटारिओत स्थापत्य अभियंता आहे. सहीचा विषय निघाला आहे म्हणून येथील पद्धत सांगतो. येथे पदवी मिळाली म्हणून कोणी स्वतःला व्यावसायिक अभियंता म्हणवू शकत नाही. चार वर्षांचा नोंदलेला अनुभव आणि कायदा व व्यावसायिक नीती यांवरील परीक्षा, हे पार केल्यावर परवाना आणि शिक्का मिळतो. तो शिक्का नकाशावर उमटवला की त्या कामाची वैयक्तिक जबाबदारी येते.

पदवीच्या वेळी कॅनडातील अनेक अभियंते करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. हा विधी १९२५ मध्ये सुरू झाला. १९०७ मध्ये क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळून ७५ कामगार मेले होते, आणि अंगठी त्याच पुलाच्या लोखंडाची असते असे लोक सांगतात. ती कथा खरी नाही. तरीही त्या दुर्घटनेचा अभ्यास येथे आवर्जून केला जातो, कारण खालच्या भागातील पट्ट्या वाकत असल्याच्या नोंदी साइटवर झाल्या होत्या आणि काम थांबवण्याचा निर्णय वेळेत पोहोचला नाही.

भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी परवान्याचा कायदा नाही. महापालिका आपापल्या पातळीवर संरचना अभियंत्यांची नोंदणी करतात. म्हणजे आपल्याकडे पदवी आणि जबाबदारी यांच्यामध्ये एखादी परीक्षा किंवा ठरावीक वर्षे नाहीत. त्यामुळे कृष्णाकाठ सरांनी योजलेले हे दोन तास मला फार मोलाचे वाटतात.

पाटबंधारे

मी राज्य सरकारच्या सेवेत आहे. निम्मा वर्ग लोकसेवा आयोगाच्या परीक्षेकडे वळलेला असतो आणि त्या मुलांना वाटते की असले तास खासगी नोकरीवाल्यांसाठी आहेत. वस्तुतः मोजमाप पुस्तक आमच्याइतके कोणालाच लागत नाही. ठेकेदाराचे देयक त्यावरून निघते. नोंद प्रत्यक्ष जागेवर, शाईने करायची असते. खाडाखोड किंवा खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने, वाचता येईल असा छेदून दुरुस्ती लिहायची आणि तारखेसह आद्याक्षरी करायची. पान फाडता येत नाही, कारण पृष्ठांचे क्रमांक छापलेले असतात. नंतर वरिष्ठ ठरावीक प्रमाणात पुन्हा मोजून पाहतो. महाविद्यालयाच्या आवारातील एखादी भिंत किंवा गटार मुलांना मोजायला लावून असे पान लिहून घेता येईल, आणि दुसऱ्या गटाकडून त्याची तपासणी करून घेता येईल.

दूरदेशी यांनी क्वेबेकचे उदाहरण दिले आहे. आपल्याजवळचे उदाहरणही मुलांसमोर ठेवावे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल गर्दीच्या वेळी कोसळून माणसे दगावली. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत तो पूल किरकोळ दुरुस्ती सांगून वापरण्यास योग्य ठरवला गेला होता. तपासणीच्या अहवालावर सही म्हणजे काय, हे सांगायला याहून थेट प्रसंग मला माहीत नाही. वर्गात कोणाचा दोष यावर निवाडा करू नये. तपासणीला गेल्यावर कोणता भाग हाताने ठोकून पाहायचा, गंज कुठे लपतो, जेथे पोहोचता आले नाही तो भाग अहवालात स्पष्टपणे 'पाहिला नाही' असा कसा नोंदवायचा, यावर बोलावे.

मूलतत्त्व

पाटबंधारे यांनी मोजमाप पुस्तकाचा जो सराव सुचवला आहे, तो वाचून माझ्या आक्षेपाचा एक भाग सुटला. वेगळे दोन तास घेण्यापेक्षा आहे त्या प्रयोगशाळेतच हे बसवता येते. काँक्रीटच्या घनाची चाचणी मुले करतातच. आज तिचा निष्कर्ष जर्नलमध्ये उतरवला जातो आणि बरेचदा आधीच्या वर्षीच्या वहीतून आकडे येतात. त्याऐवजी प्रत्येक गटाने चाचणीचा अहवाल प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राच्या स्वरूपात द्यावा: नमुना कोणी, कधी घेतला, यंत्राच्या कॅलिब्रेशनची तारीख, घन कसा फुटला, आणि खाली नाव व सही. तीन घनांपैकी एखाद्याचे बल सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून अधिक दूर असेल तर संहिता त्या नमुन्याला ग्राह्य धरत नाही. तेव्हा खरे आकडे आलेल्या गटाला 'नमुना अग्राह्य' असे लिहिण्याचे पूर्ण गुण द्यावेत. उसने आकडे घेण्याची सवय येथेच मोडता येईल आणि त्यासाठी मूलभूत विषयाचा एक मिनिटही कमी होणार नाही.

उद्योगांच्या जबाबदारीविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूलतत्त्व सरांची सूचना मी लगेच उचलतो. काँक्रीट आणि मृदायांत्रिकीच्या प्रयोगशाळांत अहवालाचे स्वरूप बदलण्याविषयी विभागप्रमुखांशी बोलणी केली असून ते अनुकूल आहेत. त्यामुळे दोन तास मोकळे राहतात ते असे वापरीन: पहिले काही आठवडे मोजणी, म्हणजे ओतकाम यांचा नगांचा प्रयोग आणि आवारातील गटाराचे मोजमाप पुस्तक. मग पोअर कार्ड आणि ठेकेदाराच्या भूमिकेचा सराव, त्यासाठी एका निवृत्त उपअभियंत्यांनी यायचे मान्य केले आहे. अर्धविराम यांची प्रश्न लिहिण्याची पद्धत सत्रभर चालेल; माझ्याकडे येणारी प्रत्येक शंका त्याच चार गोष्टींसह लिहून मागेन. नेमणूकपत्र आणि २०१३ चा कायदा यांना प्रत्येकी एक तास, दोन्ही वेळा संपूर्ण वर्ग एकत्र. पुलाच्या तपासणीचा विषय मी शेवटी घेईन, कारण तोवर मुलांनी स्वतः काही कागदांवर सह्या केलेल्या असतील.

एक प्रश्न उरतो. विद्यापीठाला गुण द्यावे लागतात. हे कसे मोजावे?

ओतकाम

लेखी परीक्षा घेऊ नये. सत्राच्या शेवटी प्रत्येकाला दुसऱ्या गटाचा एक अहवाल द्यावा, ज्यात आपण हेतुपुरस्सर दोन-तीन त्रुटी ठेवल्या असतील: न जुळणारी तारीख, अशक्य वाटावे इतके सारखे आकडे, सुटलेले एकक. विद्यार्थ्याने त्यावर सही करावी किंवा कारणे लिहून परत पाठवावा. कारणे किती नेमकी आहेत यावर गुण द्यावेत, आणि सगळे बरोबर असलेले काही अहवालही त्यात मिसळावेत, म्हणजे केवळ संशय घेणाऱ्याला गुण मिळणार नाहीत.

जाईजुई

ओतकाम यांची ही पद्धत फार आवडली. कारणे लिहिताना भाषा सभ्य आहे का, यालाही थोडे गुण ठेवावेत. परत पाठवलेला कागद ज्याच्याकडे जातो, त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी काम करायचे असते.

बांधबंदिस्ती

कृष्णाकाठ सर, आमच्या साइटवर दिवाळीनंतर एका पार्किंगच्या स्लॅबचे काम आहे. आपले विद्यार्थी आणायचे असतील तर दहा-बारांचा गट असावा, त्याहून मोठा नको, कारण सळयांच्या जाळीवर अधिक माणसे उभी राहिली की कव्हर ब्लॉक सरकतात. पायात सेफ्टी शूज हवेत, हेल्मेट आम्ही देऊ, आणि अपघात विम्याचे पत्र महाविद्यालयाकडून आधी लागेल. काँक्रीट ओतणे सकाळी सातला सुरू होते, पण खरी तपासणी आदल्या दुपारी असते. तेव्हा आपण आदल्या दुपारी दोनपर्यंत पोहोचावे आणि मुलांनी सळयांचा तक्ता (बार बेंडिंग शेड्यूल) सोबत छापून आणावा. तो मी आपल्याला व्यक्तिगत निरोपात पाठवतो.